धक्का जातो कुठे? : रिव्हॉल्व्हरच्या नळीला पाडलेल्या छिद्रांचा इतिहास आणि हिशेब

संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत शिकवताना बंदूक आणि गोळी यांचे उदाहरण आपल्यापैकी बहुतेकांनी फळ्यावर सोडवलेले असते. बंदुकीचे वस्तुमान, गोळीचे वस्तुमान आणि गोळीचा वेग दिलेला असतो; बंदुकीचा प्रतिक्षेप वेग काढायचा असतो. दोन ओळींत उत्तर येते, मुले ते वहीत उतरवून घेतात आणि आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो. गणित म्हणून त्यात चूक काहीच नाही. मात्र या नाटकातले एक पात्र रंगमंचावर येतच नाही. ते पात्र म्हणजे दारू जळून तयार झालेला वायू.

गोळी नळीतून पुढे जाते ती या वायूच्या रेट्यामुळे. गोळी तोंडातून बाहेर पडली की तिच्या पाठोपाठ हा वायूही बाहेर पडतो, आणि तो गोळीपेक्षा कितीतरी अधिक वेगाने पडतो. त्यालाही वस्तुमान आहे, वेग आहे, म्हणजे संवेग आहे. तेव्हा त्याचाही धक्का बंदुकीला बसलाच पाहिजे. हे एकदा लक्षात आले की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. गोळीची दिशा बदलता येत नाही, ती नेमावरच गेली पाहिजे. पण वायूने पुढेच गेले पाहिजे असे कुठे आहे? त्याला बाजूला, मागे किंवा वर वळवले तर?

गेली पावणेदोनशे वर्षे तोफा आणि बंदुका घडवणारे या प्रश्नाभोवती फिरत आहेत. त्यातून निघालेल्या साधनांपैकी एक म्हणजे ‘कॉम्पेन्सेटर’. नळीच्या तोंडाजवळ वरच्या अंगाला पाडलेल्या या छिद्रांतून किंवा खाचांतून वायूचा काही भाग वर उडतो आणि नळीचे तोंड खाली दाबले जाते. कमरेला किंवा खिशात बाळगण्याच्या छोट्या रिव्हॉल्व्हरलाही अशी छिद्रे असावीत की नसावीत, यावर अमेरिकेत बरीच वर्षे वाद चालू आहे. शस्त्रांचे कौतुक करणे हा आमचा हेतू नाही. निसर्गाच्या नियमात सूट मिळत नसते, एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात टाकता येते इतकेच, हे दाखवणारे यापेक्षा नेटके उदाहरण सापडणे कठीण, म्हणून आपण हा इतिहास पाहणार आहोत.

आधी थोडे गणित

सोयीसाठी पूर्णांकाजवळचे आकडे घेऊ. ते ‘०.३५७ मॅग्नम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काडतुसाच्या जवळपासचे आहेत. गोळीचे वस्तुमान १० ग्रॅम, वेग सेकंदाला ३६० मीटर. तिचा संवेग ३.६ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. काडतुसातील दारू सुमारे १ ग्रॅम. तिचा वायू तोंडातून बाहेर पडतानाचा सरासरी वेग सेकंदाला १२०० मीटर धरण्याची पद्धत आहे. म्हणजे वायूचा संवेग १.२. एकूण ४.८. गोळीच्या दशांश वजनाचा वायू एकूण धक्क्यातला चौथा हिस्सा उचलतो!

आता रिव्हॉल्व्हर १ किलोग्रॅमचे असेल तर त्याचा प्रतिक्षेप वेग सेकंदाला ४.८ मीटर, आणि त्याला मिळालेली गतिज ऊर्जा साधारण साडेअकरा ज्यूल. तेच काडतूस ४०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून उडवले तर प्रतिक्षेप वेग सेकंदाला १२ मीटर आणि ऊर्जा जवळजवळ २९ ज्यूल. संवेग तोच राहिला, पण हाताला सोसावी लागणारी ऊर्जा अडीच पट झाली. वजन कमी केल्याची ही किंमत आहे, आणि पुढच्या साऱ्या कथेचे मूळही तिच्यात आहे.

दुसरी गोष्ट कालावधीची. दहा सेंटिमीटरच्या नळीतून जायला गोळीला एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. तेवढ्यात १ किलोचे रिव्हॉल्व्हर मागे सरकते ते जेमतेम मिलिमीटरभर. माणसाची प्रतिक्रिया यायला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. म्हणजे हाताला धक्का जाणवतो तेव्हा गोळी केव्हाच निघून गेलेली असते. गोळी नळीत असतानाच नळी जी किंचित वर उचलली जाते, तिची सोय रिव्हॉल्व्हर बनवणारे आधीच करून ठेवतात : नेम धरण्याच्या रेषेच्या तुलनेत नळी थोडी खाली झुकलेली असते. तेव्हा कॉम्पेन्सेटरचा उपयोग पहिल्या गोळीला जवळजवळ नाही. असलाच तर तो दुसऱ्या गोळीसाठी पुन्हा नेम धरताना आहे.

तोफखान्यातील सुरुवात

जुन्या काळी गाड्यावर चढवलेली तोफ डागली की ती गाड्यासकट मागे जाई. प्रत्येक बारानंतर तिला पुन्हा जागेवर ढकलायचे आणि पुन्हा नेम धरायचा. या कष्टावर उपाय म्हणून वायूलाच कामाला लावण्याची कल्पना फ्रान्समधील लष्करी अधिकारी त्रॉय द बोल्यू यांनी १८४० च्या दशकात मांडली. नळीच्या तोंडाशी मागच्या दिशेने तिरपी छिद्रे पाडायची, म्हणजे त्यांतून मागे उडणारा वायू तोफेला पुढे ओढील. आज आपण ज्याला ‘मझल ब्रेक’ म्हणतो त्याची ही पहिली रूपरेषा.

कल्पना बरोबर होती, पण काळाच्या पुढे होती. तेव्हाची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग घनरूपात, म्हणजे धूर आणि काजळी होऊन उरतो. १८८४ मध्ये फ्रान्समध्येच पॉल व्हिएय या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून निर्धूर दारू तयार केली. ती जळून जवळजवळ सारा वायूच होतो. दाब वाढला, गोळीचा वेग वाढला, वायूचा वाटा वाढला आणि अर्थात धक्काही वाढला. छिद्रे पाडून पकडण्याजोगे काहीतरी आता नळीत होते.

तरीही तोफखान्याने आधी दुसराच मार्ग धरला. फ्रान्सच्या १८९७ सालच्या सुप्रसिद्ध ७५ मिलिमीटर तोफेत नळी गाड्यावर घट्ट बसवलेली नव्हती. ती मागे मीटरभराहून अधिक सरके, तेल आणि दाबलेली हवा यांच्या यंत्रणेने तिचा वेग हळूहळू जिरे आणि तीच हवा तिला पुन्हा पुढे आणी. गाडा जागचा हालत नसे. मिनिटाला पंधराच्या आसपास गोळे सोडणे त्यामुळे शक्य झाले. येथे संवेग कमी झाला नाही. तो अधिक काळात विभागला गेला, म्हणून बल कमी झाले. झेल घेताना चेंडूबरोबर हात मागे नेणाऱ्या क्षेत्ररक्षकाची ही युक्ती.

दुसऱ्या महायुद्धात रणगाडे भेदण्यासाठी तोफांचे वेग आणखी वाढले, आणि मझल ब्रेक सर्रास दिसू लागले. जर्मन सैन्याच्या ७५ मिलिमीटर ‘पाक ४०’ तोफेचे फुगीर तोंड त्या काळच्या छायाचित्रांत ओळखू येते. त्याचबरोबर त्याची किंमतही दिसू लागली. बाजूला आणि मागे फेकलेला वायू धुरळा उठवी. त्याने तोफेची जागा शत्रूला कळे, आणि गोलंदाजांच्या कानांवर दाबाची लाट आदळे. भारताने १९८६ च्या करारान्वये घेतलेल्या आणि १९९९ च्या कारगिल युद्धात गाजलेल्या बोफोर्स तोफेच्या तोंडाशीही मझल ब्रेक आहे. पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत आराखडा झालेल्या १५५ मिलिमीटरच्या नव्या तोफेलाही तो आहे. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात मुले हे तोंड पाहतात, पण ते तसे का, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

याच विचाराचे टोक म्हणजे धक्काविरहित तोफ. तिच्यात वायूचा मोठा भाग मागच्या तोंडाने सोडून देतात. पुढचा आणि मागचा संवेग समान झाला की तोफेला धक्काच उरत नाही, आणि ती साध्या जीपवर बसवता येते. १९६५ च्या युद्धात खेमकरणजवळ अब्दुल हमीद यांनी पॅटन रणगाडे फोडले ते जीपवरच्या अशाच तोफेने. पण तिच्या मागे आगीचा लोळ उठतो, तिच्यामागे कोणी उभे राहू शकत नाही आणि तोफेची जागा लपत नाही. धक्का नाहीसा झाला, धोका मात्र नाहीसा झाला नाही. तो पुढून मागे गेला.

रिव्हॉल्व्हर : मुळातच गळके यंत्र

सॅम्युएल कोल्ट यांना फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचे अमेरिकन पेटंट १८३६ मध्ये मिळाले. काडतुसे चक्रात असतात, चक्र फिरून एकेक काडतूस नळीसमोर येते. चक्र मोकळेपणी फिरायचे तर ते आणि नळी यांमध्ये फट हवीच. आजच्या चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती मिलिमीटरच्या दहाव्या ते चौथ्या भागाएवढी असते. प्रत्येक बाराला या फटीतून तापलेला वायू दोन्ही अंगांना उडतो. तेथे बोट आले तर गंभीर इजा होते. बेल्जियमच्या लेऑन नागाँ यांनी १८९५ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये बाराच्या क्षणी चक्र पुढे सरकून फट बंद होईल अशी रचना केली आणि रशियाने ती स्वीकारली. एकाने गळती बंद करण्यासाठी इतकी खटपट केली आणि पुढे इतरांनी मुद्दाम भोके पाडली, ही या इतिहासातील मौजेची गोष्ट.

धक्क्याच्या दृष्टीने रिव्हॉल्व्हरच्या दोन अडचणी आहेत. अर्धस्वयंचलित पिस्तुलात वरचा भाग मागे सरकतो आणि स्प्रिंग दाबली जाते, म्हणजे धक्का थोडा लांबवला जातो. रिव्हॉल्व्हरमध्ये तसे सरकणारे काही नाही. सारा धक्का थेट तळहातात. शिवाय चक्राचे वरचे काडतूस नळीसमोर येत असल्याने नळी मुठीच्या बरीच वर असते. धक्का वरून आणि आधार खालून, म्हणून आघूर्ण निर्माण होते आणि तोंड वर उडते.

१९३५ मध्ये स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने ०.३५७ मॅग्नम काडतूस आणि त्याचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. ते रिव्हॉल्व्हर एक किलोहून अधिक वजनाचे होते, त्यामुळे धक्का सुसह्य होता. याच कंपनीने १९५० मध्ये ‘चीफ्स स्पेशल’ हे पाच काडतुसांचे छोटे रिव्हॉल्व्हर काढले. वजन सुमारे साडेपाचशे ग्रॅम, पण काडतूस ०.३८ स्पेशल, म्हणजे बरेच सौम्य. लवकरच अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चौकट आली आणि वजन चारशे ग्रॅमच्या आसपास उतरले. १९९० च्या दशकात छोट्या चौकटीतही ०.३५७ मॅग्नम बसवले गेले, आणि २००० नंतर स्कँडियम मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमची चौकट व टायटॅनियमचे चक्र वापरून ३५० ग्रॅमहूनही हलकी मॅग्नम रिव्हॉल्व्हरे निघाली. मेंडेलीव्ह यांनी १८७१ मध्ये ज्याचे भाकीत केले आणि निल्सन यांनी १८७९ मध्ये जे शोधले तेच हे स्कँडियम. धातुविज्ञानाने चौकट हलकी आणि मजबूत केली. माणसाचे मनगट मात्र होते तेच राहिले.

इतक्या हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये एक नवीनच घोटाळा होतो. एक गोळी उडते तेव्हा चक्र झटक्याने मागे येते, पण न उडालेल्या काडतुसांतील गोळ्या जडत्वामुळे जागीच राहू पाहतात आणि आपल्या कवचातून थोड्या पुढे सरकतात. त्या चक्राबाहेर डोकावल्या तर चक्र अडकते. न्यूटनचा पहिला नियम इथे असा भेटतो.

खाचा कोणी पाडल्या?

हातातल्या शस्त्रासाठी कॉम्पेन्सेटर लोकप्रिय करण्याचे श्रेय अमेरिकेच्या मरीन दलातील कर्नल रिचर्ड कट्स आणि त्याच दलात अधिकारी असलेले त्यांचे चिरंजीव यांना जाते. १९२० च्या दशकातील त्यांच्या रचनेत नळीच्या तोंडावर एक तुकडा बसवलेला असे आणि त्याच्या वरच्या अंगाला आडव्या खाचा असत. १९२८ च्या नमुन्याच्या थॉम्प्सन सबमशीनगनवर तो दिसतो. सलग गोळ्या सुटताना तोंड वर चढत जाते, ते रोखणे हा हेतू. पुढे सोव्हिएत एकेएम रायफलच्या तोंडावर केवळ एक तिरका काप देऊन हेच काम साधले.

रिव्हॉल्व्हरच्या नळीवर असा तुकडा बसवला की ती लांब आणि बोजड होते, कातडी म्यानात मावत नाही. म्हणून नळीलाच आतून छिद्रे पाडणे सोयीचे. पण कठीण पोलादाच्या नळीला ड्रिलने भोक पाडले की आतल्या बाजूस बारीक कड उभी राहते, आणि आतल्या पिळाच्या खाचा बिघडतात. ही अडचण सुटली ती एका अगदी वेगळ्या संशोधनामुळे.

१९४० च्या दशकात मॉस्कोमध्ये बोरिस आणि नताल्या लाझारेंको हे शास्त्रज्ञ दांपत्य विजेच्या जोडबिंदूंची झीज कशी थांबवावी याचा अभ्यास करत होते. ठिणगी पडली की टंगस्टनचा कण उडतो. तेलात बुडवून पाहिले तर झीज थांबली नाही, उलट ती अधिक नियमित आणि नियंत्रित झाली. मग त्यांनी प्रश्नच उलटा केला : झीज थांबवता येत नसेल, तर तिच्याकडून काम करून घ्यावे. १९४३ मध्ये त्यांनी ठिणगीने धातू कोरण्याची पद्धत मांडली. आज पुण्या-मुंबईच्या कोणत्याही साच्याच्या कारखान्यात ‘स्पार्क इरोजन’ म्हणून ती रोजच्या वापरात आहे. धातू कितीही कठीण असो, ठिणगीला फरक पडत नाही, आणि उभी कड राहत नाही.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील लॅरी केली यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस हीच पद्धत वापरून तयार नळीच्या तोंडाजवळ, वरच्या अंगाला दोन बाजूंस समलंब चौकोनी छिद्रे पाडण्याचा व्यवसाय सुरू केला. त्याचे ‘मॅग-ना-पोर्ट’ हे नाव पुढे प्रसिद्ध झाले. आधी शिकारीची जड रिव्हॉल्व्हरे त्यांच्याकडे आली, मग कमरेची छोटी रिव्हॉल्व्हरेही आली. पुढे काही कारखाने छिद्रे पाडलेली छोटी रिव्हॉल्व्हरे स्वतःच विकू लागले, आणि वादाला तोंड फुटले.

जमेची बाजू

आपल्या आकड्यांकडे परत जाऊ. छिद्रांनी वायूच्या संवेगाचा एक तृतीयांश, म्हणजे ०.४ इतका भाग सरळ वर वळवला असे गृहीत धरू. मागे येणारा धक्का ४.८ वरून ४.४ झाला. घट फक्त आठ टक्के. एवढ्यासाठी कोणी नळीला भोके पाडणार नाही.

खरा फायदा फिरण्याच्या गतीत आहे. नळीचा अक्ष हाताच्या आधारबिंदूपेक्षा ४ सेंटिमीटर वर आहे असे माना. छिद्रे नसताना तोंड वर उडवणारा परिणाम ४.८ गुणिले ४, म्हणजे १९.२. छिद्रे असताना तो ४.४ गुणिले ४, म्हणजे १७.६. शिवाय वर उडणारा वायू तोंडाला खाली दाबतो, तोही हातापासून समजा १५ सेंटिमीटर पुढे. हा उलटा परिणाम ०.४ गुणिले १५, म्हणजे ६. वजाबाकी करून उरले ११.६. तोंड वर उडण्यात सुमारे चाळीस टक्के घट! सी-सॉच्या लांब टोकाला बसलेले लहान मूल जवळ बसलेल्या मोठ्या माणसाला उचलते, तोच हा प्रकार. प्रत्यक्षात वायूची वाट इतकी सरळ नसते आणि हातही ढिला-घट्ट होतो, त्यामुळे हे आकडे कल्पना येण्यापुरतेच घ्यावेत. पण कॉम्पेन्सेटर धक्का फारसा कमी करत नाही, उसळी कमी करतो, हा अनुभव या हिशेबातून समजतो.

उसळी कमी झाली की नेमावर परत येण्यास लागणारा वेळ वाचतो. नेमबाजीच्या वेगवान स्पर्धांत सेकंदाच्या अंशाला महत्त्व असते. तेथे जड शस्त्र, भरपूर वायू, दिवसाचा उजेड, कानांवर संरक्षण आणि डोळ्यांवर चष्मा, अशी सारी परिस्थिती या साधनाला अनुकूल असते. लांब नळीच्या शिकारी रिव्हॉल्व्हरबाबतही बऱ्याच अंशी हेच म्हणता येईल.

खर्चाची बाजू

आता तीच छिद्रे पाच सेंटिमीटर नळीच्या, खिशातल्या रिव्हॉल्व्हरवर आणू.

पहिली गोष्ट, तरफेचा दंड लहान झाला. हातापासून छिद्रे १५ ऐवजी ९ सेंटिमीटरवर असतील तर खाली दाबणारा परिणाम ६ वरून ३.६ वर येतो. आखूड नळीत तोंडाशी दाब जास्त शिल्लक असतो हे खरे, त्यामुळे काही भरपाई होते. पण छिद्र ओलांडले की वायू गळू लागतो आणि गोळीला मिळणारा रेटा घटतो. मुळातच आखूड असलेल्या नळीतला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर असा वाया जाणे परवडत नाही.

दुसरी गोष्ट, काडतूस. छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये अनेक जण ०.३८ स्पेशल वापरतात. त्याच्या प्रमाणित कमाल दाबाची मर्यादा मॅग्नमच्या निम्म्याच्या आसपास, आणि दारू पाव-तीन दशांश ग्रॅम. वायूचा वाटा एकूण धक्क्याच्या सातव्या-आठव्या हिश्शावर येतो. वळवायला वायूच नसेल तर छिद्रे काय करणार? म्हणजे जिथे धक्का सौम्य तिथे छिद्रांचा उपयोग कमी. जिथे उपयोग, तिथे स्फोटही तितकाच मोठा.

तिसरी गोष्ट आवाज, आणि आमच्या मते ती सर्वांत गंभीर. मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या बाराचा आवाज १६० डेसिबेलच्या आसपास जातो. क्षणिक आवाजासाठी धोक्याची मर्यादा १४० डेसिबेल मानतात. वीस डेसिबेलचा फरक म्हणजे दाब दहा पट. छिद्रांमुळे हा आवाज पुढे न जाता वर आणि मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्याच कानाकडे वळतो. आतल्या कानातील सूक्ष्म रोमपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. स्पर्धेत कानांवर संरक्षण असते. कमरेचे रिव्हॉल्व्हर ज्या प्रसंगासाठी बाळगले जाते, त्या प्रसंगी ते नसते. बंद खोलीत किंवा मोटारीत तर भिंती हाच आवाज परत फेकतात. शेजारी उभा असलेला माणूसही त्यातून सुटत नाही.

चौथी गोष्ट उजेड. वर उडणारा वायू हवेतील प्राणवायूशी मिळून पेटतो आणि ज्वाळा नेमक्या नेमाच्या रेषेत येते. अंधाराला सरावलेले डोळे दिपले तर पूर्ववत होण्यास वीस-तीस मिनिटे लागू शकतात. कमी ज्वाळेची दारू आता मिळते, म्हणून हा आक्षेप पूर्वीइतका तीव्र राहिलेला नाही. पण काडतूस कोणते, यावर सारे अवलंबून.

पाचवी गोष्ट शरीराजवळची. हात लांब करून नेम धरला तर वायू निरुपद्रवी अंतरावर वर जातो. पण झटापटीत शस्त्र कमरेशी किंवा छातीशी धरले असेल तर छिद्रांचा रोख चेहऱ्याकडे येतो. त्यातून केवळ वायू नव्हे, न जळलेल्या दारूचे कण आणि गोळीचे शिसे-तांब्याचे कपचेही उडतात. रिव्हॉल्व्हरच्या फटीतून मुळातच दोन्ही अंगांना फवारा उडतो, त्यात ही तिसरी दिशा जमा.

शेवटी देखभाल. छिद्रांत काजळी आणि शिसे साचते, पुढची माशी काळवंडते आणि साफसफाई वाढते. हा दोष किरकोळ खरा, पण खिशातले शस्त्र महिनोन्महिने न वापरता पडून असते, हे विसरता येत नाही.

ताळेबंद

म्हणजे एकच साधन, एकच नियम, आणि दोन ठिकाणी दोन उत्तरे. जड, लांब नळीच्या, स्पर्धेच्या वा शिकारीच्या रिव्हॉल्व्हरवर छिद्रे उपयोगी ठरतात. खिशातल्या हलक्या रिव्हॉल्व्हरवर लाभ घटतो आणि खर्च वाढतो, आणि तो खर्च कान, डोळे आणि चेहरा यांच्याकडून वसूल होतो. असे असूनही या छिद्रांची मागणी राहिली, कारण मनगटाला बसणारा धक्का ताबडतोब जाणवतो; कानाचे नुकसान मात्र वेदनेशिवाय, हळूहळू साचते आणि उशिरा कळते. ही गोष्ट शस्त्रापुरती नाही. कारखान्यातील यंत्राजवळ उभा राहणारा कामगार आणि मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोर नाचणारा विद्यार्थी यांचा हिशेबही याच वहीत मांडला जातो.

वर्गासाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. बाटलीच्या चार झाकणांची चाके लावून पुठ्ठ्याची हलकी गाडी करावी. तिच्यावर फुगा बसवून त्याच्या तोंडात वाकवता येणारी शीतपेयाची नळी घट्ट बांधावी. नळी सरळ मागे ठेवली तर गाडी पुढे धावते. नळीचे टोक आडवे वाकवले तर गाडी पुढे जात नाही, कडेला वळू पाहते. टोक सरळ वर केले तर गाडी जागीच राहते. वायूचा रेटा जमिनीवर पडतो. मग दोन फुगे घेऊन दोन नळ्या विरुद्ध दिशांना लावाव्यात. हवा तेवढीच सुटते, पण गाडी हलत नाही. ‘धक्का नाहीसा झाला का?’ असा प्रश्न मुलांना विचारावा, आणि नळ्यांच्या दोन्ही तोंडांसमोर कागदाचे कपटे ठेवायला सांगावेत. कपटे उत्तर देतील.

त्यानंतर पाठ्यपुस्तकातले बंदुकीचे उदाहरण पुन्हा फळ्यावर घ्यावे. गोळीच्या ओळीखाली वायूची एक ओळ मुलांनाच घालू द्यावी, आणि नवे उत्तर जुन्या उत्तराशी ताडून पाहू द्यावे.